दुपारी अडीचची शिस्त

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा मजकूर काढून, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

“बाई, नमस्कार. मी ३६ वर्षांचा. आमची हापूसची साडेतीनशे कलमं आहेत. बाबा थकले म्हणून मुंबईतली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी गावी आलो. मी शिस्तीचा माणूस आहे. पहाटे पाचला उठून समुद्रावर धावतो. चहा, तंबाखू, दारू काही नाही. हंगामात दिवसातून एकदाच, रात्री जेवतो.

यंदा थंडी लांबली, झाडांना पुन्हा मोहोर आला आणि पहिली धरलेली कणी, म्हणजे बारीक फळं, गळून गेली. वरून थ्रिप्सची कीड. फवारण्यांचा खर्च दुप्पट झाला. वाशीच्या दलालाकडून विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली, ती बघून रात्रभर झोप लागली नाही. तरी सकाळी दलालाशी फोनवर शांतपणे बोललो, कारण पुढच्या गाड्या त्याच्याकडेच जायच्या होत्या.

एप्रिलमध्ये एका दुपारी अडीच वाजता टेम्पो भरताना आमच्या बहादूरच्या हातून क्रेट पडला. चार डझन आंब्याला मार लागला. मी त्याला सगळ्यांसमोर नको तसं बोललो. त्याच्या देशावरून, त्याच्या लोकांवरून. त्याची बायको आणि नऊ वर्षांचा मुलगा तिथेच उभे होते. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेतला त्यांचा राहायचा मांगर रिकामा. (त्याचे १९,००० बाकी आहेत, पण त्यातून नुकसान वळतं करायचं होतं.)

त्या रात्री बाबा मांगरात जाऊन बसले होते, हे मला नंतर आईकडून कळलं. सकाळी मला एवढंच म्हणाले, ‘माणूस गेलो. आता कलमां कोण राखतलो?’ तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. बाबा पहिल्यापासून अव्यवहारी. २०२१ साली तौक्ते वादळात अर्धा आंबा जमिनीवर आला, त्या वर्षीसुद्धा त्यांनी गड्यांना पूर्ण पैसे दिले. सोसायटीचं कर्ज नंतर मी फेडलं. मऊ बोललं की गडी डोक्यावर बसतात.

मला बेशिस्त सहन होत नाही, राग अनावर होतो. बायकोला माझी शिस्त पटलेली आहे, ती काही बोलत नाही. ज्यांच्यात शिस्त नाही अशा माणसांशी शिस्तीच्या माणसाने वागायचं कसं? आणि राग आवरायचा कसा?”

नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येते. त्याआधी एक काम सांगते, ते आजच करा. त्या माणसाचे १९,००० रुपये त्याला पोचते करा. पूर्ण, क्रेटचा एक रुपयाही न कापता. तुमचं मूळ पत्र पाच पानांचं आहे. त्यात ‘शिस्त’ हा शब्द सतरा वेळा आला आहे. या पैशांचा उल्लेख एकदाच आला आहे, तोही कंसात. राबला तो, आणि पैसे तुमच्या कपाटात. मार लागलेला आंबा तुम्ही टाकला नसणार, कॅनिंगला घातला असणार, म्हणजे सगळंच काही बुडालं नाही. आणि बुडालं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. दुसऱ्याची मजुरी अडकवून ठेवलेल्या माणसाशी शील आणि संयम यांवर बोलणं मला जमणार नाही. ती आधी मोकळी करा आणि मग पुढचं वाचा.

दुसरं, त्याचं नाव काय? पाच पानांत ते कुठेही नाही. ‘आमचा बहादूर’ एवढंच आहे. पाऊस सरला की नेपाळमधून माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागांत येतात. फवारणी, राखण, काढणी सगळं त्यांच्या हातांवर चालतं आणि मे-जूनमध्ये ती परत जातात. आपण त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतो. जो माणूस सहा हंगाम तुमच्या मांगरात राहिला, माकडं हाकायला दिवस दिवस बागेत फिरला, त्याला त्याच्या आईवडिलांनी काहीतरी नाव ठेवलं आहे. बाबांना ते नक्की माहीत असेल. त्यांना विचारा. बोलायला सुरुवात करायलाही तेवढं निमित्त होईल.

आता राग.

तुम्ही म्हणता तो अनावर होतो. मला हे पटत नाही, आणि पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पट्टी आली, रात्रभर डोळा लागला नाही, आणि सकाळी तुम्ही दलालाशी शांतपणे बोललात. का, तेही तुम्हीच लिहिलंय. राग खरा होता, कारण खरं होतं, रक्कम त्या एका क्रेटच्या कितीतरी पट होती, तरी जीभ ताब्यात राहिली. म्हणजे संयम तुमच्याजवळ आहे. ज्याच्यावाचून आपलं अडणार आहे त्याच्यापुढे तो आपोआप हजर होतो. ज्याची मजुरी आपल्या हातात आहे, ज्याचं गाव डोंगरांपलीकडे आहे, जो उलट बोलला तर उद्या कुठे झोपेल ते त्यालाच ठाऊक नाही, त्याच्यापुढे मात्र तुम्हाला तो आठवला नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. वाशीचा राग मांगरावर निघाला.

हे वाचून तुम्हाला बोचेल. मला मात्र यात तुमच्यासाठी आशा दिसते. ज्याला गिळून गप्प बसणं येतच नाही, त्याला सगळं मुळापासून शिकावं लागतं. तुम्हाला ते येतं. मोठ्यांपुढे येतं तेच लहानांपुढे यायला हवं, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या पोटातली भीतीही मला कळते. मी बागायतदाराच्याच घरातली आहे. मोहोर दिसला की घरात हळू आवाजात बोलणं सुरू व्हायचं. कणी वाटाण्याएवढी झाली, सुपारीएवढी झाली, अंड्याएवढी झाली, प्रत्येक टप्प्याला वडील एकेक श्वास सोडायचे. एका रात्रीच्या पावसात वर्ष जातं. ही भीती खोटी नाही आणि ती बोलून दाखवण्यात कमीपणाही नाही. बायकोला सांगा, बाबांना सांगा, सोसायटीत जाऊन बोला. घरात बोलायची राहिलेली भीती शेवटी तुमच्या हाताखालच्या माणसावरच निघते.

तुम्ही पाचला उठता, धावता, व्यसन नाही. हे कमी नाही. मुंबई सोडून पुन्हा मातीत हात घालायला लागतो तो निर्धार मी जाणते. पण पहाटे पाच वाजता समुद्रावर तुमच्यासमोर कोण असतं? वाळू, गार वारा, फार तर रापणीचं जाळं ओढायला आलेली माणसं. तिथे तुमच्या शिस्तीला कुणी धक्का देत नाही. खरी गरज तिची दुपारी अडीच वाजता, टेम्पोपाशी होती. तेव्हा ऊन होतं, उशीर झाला होता, पट्टीचा आकडा डोक्यात होता आणि समोर आंबे मातीत गडगडत होते. पहाटेचा सराव त्या क्षणासाठी होता.

मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. वहीच्या पहिल्या पानावर सगळ्याच मुलांचं अक्षर सुरेख असतं. हाताला वळण आहे की नाही ते कळतं परीक्षेच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत, घंटा व्हायला आली असते आणि बोटं दुखत असतात तेव्हा. आपली भाषा किती शहाणी आहे बघा. अक्षरालाही वळण म्हणते आणि माणसाच्या वागण्यालाही वळणच म्हणते. दोन्ही गोष्टी थकल्यावरच दिसतात.

आणि तुमचं ते एकदाच जेवणं. हंगामात, एप्रिलच्या उन्हात, सकाळी सहापासून बागेत उभं राहायचं आणि अडीच वाजता रिकाम्या पोटी टेम्पो भरायचा. त्या वेळी कुठलाही माणूस चिडेल. तुम्ही उपास करता आणि त्याचा त्रास भोवतालची माणसं काढतात. घरी विचारून बघा, दुपारी तुमच्यासमोर यायला कोण कोण कचरतं. ज्या नियमामुळे आपण स्वतःच्या नजरेत मोठे होतो आणि आपली माणसं बिचकून वावरतात, तो नियम तपासून पाहायला हवा. अकरा वाजता भाकरी खा. हा माझा अगदी साधा सल्ला आहे आणि मी तो मनापासून देते आहे.

बायको बोलत नाही म्हणून तिला पटलंय, असं धरून चालू नका. तो माणूसही काही बोलला नव्हता.

आता तुमचा पहिला प्रश्न, ज्यांच्यात शिस्त नाही त्यांच्याशी कसं वागायचं. इथे मला माझी एक गोष्ट सांगायला हवी. ती सांगताना आजही घसा दाटतो.

१९८८ साली मी खाडीकाठच्या एका शाळेत होते. शाळा सकाळची. सात-वीसला घंटा. सातवीच्या माझ्या वर्गात खाडीपलीकडचा एक मुलगा होता, तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने यायचा. आठवडाभर अगदी वेळेवर आणि मग सलग तीन-चार दिवस अर्धा तास उशीर. पुन्हा वेळेवर, पुन्हा उशीर. मला वाटलं, मनात येईल तेव्हा येतो. रोज उशीर झाला असता तर कदाचित मी चौकशी केली असती. हा अधूनमधूनचा उशीर मला उद्धटपणा वाटला. मी त्याला पहिला तास व्हरांड्यात उभा करायचे. एकदा सगळ्या वर्गासमोर विचारलं, “तुझ्या घरात घड्याळ नाही का?” मुलं हसली. तो खाली बघत उभा राहिला. त्याचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेले होते. मी त्याला पाय धुऊन यायला सांगितलं आणि त्याबद्दलही बोलले.

त्याच हिवाळ्यात पलीकडच्या गावात एका बारशाला मी सकाळच्या पहिल्या तरीने निघाले. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. तर धक्क्याला लागलीच नाही. पाणी पार खाली गेलेलं. लुगडी वर खोचून आम्ही बायका चिखलातून चालत तरीपर्यंत गेलो. कुठे गुडघाभर रुतत होतो, कुठे खडकावरच्या कालवांच्या कडा तळव्यांना कापत होत्या. पलीकडेही तेच. तरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, पुनव-आवस झाली की पुढचे तीन-चार दिवस सकाळी ही अशीच मोठी ओहोटी असते. कधी पाणी चढेपर्यंत थांबावं लागतं, कधी चिखल तुडवावा लागतो.

घरी येऊन मी हजेरीपट काढला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी ताडून पाहिला. त्याच्या उशिराच्या खुणा पंधरा-पंधरा दिवसांनी, प्रत्येक पौर्णिमा-अमावास्येच्या मागे, ओळीने उभ्या होत्या. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे मी स्वतः लहानपणापासून बघत आलेली. समुद्राच्या काठावर वाढलेली बाई. तरी माझ्या डोक्यात शाळेचं घड्याळ एवढं पक्कं बसलेलं की खाडीचं घड्याळ मला दिसलंच नाही. मी ११ वर्षांत एकदाही उशिरा गेले नव्हते आणि मला त्याचा अभिमान होता. माझं घर शाळेपासून चार मिनिटांवर होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर त्याची माफी मागितली. ज्या मुलांपुढे बोलले होते त्याच मुलांपुढे. माझा आवाज कापत होता. तो मान हलवून खाली बसला. पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. मुंबईला मामाकडे कामाला गेला असं कळलं. माझ्यामुळे गेला असं कुणी म्हटलं नाही. पण दर पौर्णिमेनंतर सकाळी खाडीकडे बघताना मला ते चिखलाचे पाय आठवतात.

त्यानंतर ‘याच्यात शिस्त नाही’ हे वाक्य मी कुणाबद्दल सहज उच्चारू शकले नाही. आधी बघावं लागतं की तो कुठून, कसा, काय तुडवत इथवर आला. तुमच्या त्या माणसाबद्दल तुम्ही काय बघितलं होतं? झेल्याने फळ उतरवताना देठ राखायचा, चीक सालीवर सांडू द्यायचा नाही, चौदा आणे झालेलं, म्हणजे काढणीला आलेलं फळ नजरेने ओळखायचं, कोवळं सोडून द्यायचं. सहा हंगाम हे त्याने केलं, तुमच्या साडेतीनशे कलमांवर चढून केलं. याला शिस्त म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? सहा वर्षांत एक क्रेट पडला आणि तो माणूस बेशिस्त ठरला.

आणखी एक. तुम्ही लिहिता की काढलेलं फळ तुम्ही क्षणभरही तापल्या जमिनीवर ठेवू देत नाही, लगेच सावलीत नेता. बरोबरच आहे. उन्हाने साका धरायचा, म्हणजे आतला गर खराब व्हायचा धोका वाढतो आणि साका वरून कळत नाही, फळ कापल्यावरच कळतो. फळाची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाने हेही बघायला हवं होतं की क्रेट उचलणारे हात सकाळी सहापासून उन्हात होते आणि अडीच वाजेपर्यंत कुणी जेवलं नव्हतं. तुमच्यासाठी तो तुमचा नियम होता. त्याच्यासाठी ती मालकाची सोय होती.

‘मऊ बोललं की गडी डोक्यावर बसतात’ असं तुम्ही म्हणता. संयम म्हणजे दुबळेपणा, असा या वाक्याचा पाया आहे. आपल्याच कोकणात याचं फार मोठं उत्तर दिलं गेलं आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केलेला होता. नंतर, ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवली गेली आणि परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या. त्या लोकांत सैन्यातून निवृत्त झालेले जवान होते. उलट मारायची ताकद त्यांच्या मनगटात होती, कारण तर होतंच. बाबासाहेबांनी त्यांना शांत राहायला सांगितलं आणि ते शांत राहिले. पुढे विरोधकांनी कोर्टात दावा लावला, तो त्यांनी नऊ वर्षांहून अधिक काळ कोर्टातच लढवला, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्या संयमाला दुबळा म्हणायची कुणाची छाती आहे?

हा दाखला मी तुमच्या गड्याला देत नाही, हे नीट लक्षात घ्या. अपमान झालेल्याला संयम शिकवायला मी कोण? तो तुम्हाला देते आहे. रक्तबंबाळ होऊनही माणसं हात आवरू शकतात, तर चार डझन आंब्यासाठी जीभ आवरणं तुमच्या आवाक्यात आहे.

आता करायचं काय ते सांगते.

पैसे पाठवल्यावर फोन करा. नंबर तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या बागांत त्याच्या गावची माणसं असतील, त्यांच्याकडे मिळेल. त्याला नावाने हाक मारा. हिंदीत सरळ सांगा, “मैंने बहुत गलत बोला। गलती मेरी थी।” आणि थांबा. ‘पण’ म्हणू नका. पट्टी, थ्रिप्स, कर्ज यातलं काही सांगू नका, ती तुमची कारणं आहेत आणि त्या क्षणी ती त्याने ऐकायची नाहीत. त्याच फोनवर परत येण्याबद्दल चकार शब्द काढू नका. नाहीतर माफी म्हणजे गळाला लावलेलं आमिष होईल आणि ते त्याला तत्काळ कळेल. तो चिडला तर ऐकून घ्या. फोन ठेवून दिला तर ठेवू द्या. मुलाशी बोलू दिलं तर त्यालाही सांगा की तुझ्या बाबांची चूक नव्हती, माझी होती. नऊ वर्षांच्या मुलाने बापाला मान खाली घालून उभा राहिलेला पाहिलंय. त्याला हे तुमच्याच तोंडून ऐकायला मिळायला हवं.

मग बागेतल्या बाकीच्या माणसांना एकत्र बोलावून हेच सांगा. अपमान चारचौघांत झाला, तर माफी एकट्यात, हळूच फोनवर मागून भागत नाही. तुम्हाला वाटेल की यानंतर हे लोक ऐकणार नाहीत. माझ्या वर्गात चाळीस मुलं होती. माफी मागितल्यावर एकही मुलगा माझ्या डोक्यावर बसला नाही.

पुढच्यासाठी एकच सवय लावून घ्या. काही पडलं, सांडलं, मोडलं की तोंडातून पहिला शब्द ‘लागलं का?’ हाच यायला हवा. आपल्या आज्या हेच विचारायच्या. हातातून तांब्या निसटला तरी आधी पोराच्या पायाकडे बघायच्या, तांब्याला पोचा आला का ते मागाहून. तुम्ही पाचला उठायची सवय कशी लावलीत ते आठवा. पहिले पंधरा दिवस जीव नको झाला असेल, मग अंग आपोआप उठायला लागलं. हेही तसंच अंगात भिनतं. सुरुवातीला राग तोंडात असताना ‘लागलं का’ म्हणताना कृत्रिम वाटेल. वाटू दे. त्या दोन शब्दांपुरता वेळ गेला की समोर क्रेट दिसायचा थांबतो आणि माणूस दिसतो. चुकीबद्दल बोलायचं ते नंतर, बाजूला घेऊन, आणि फक्त कामाबद्दल. देश, जात, आईबाप यांना त्यात जागा नाही. कधीच नाही.

दुपारचं जेवण टेम्पो भरायच्या आधी ठेवा, सगळ्यांचं, तुमच्यासकट. टेम्पो अर्धा तास उशिरा सुटला तर काही बिघडत नाही. काढणी अर्धी सकाळी लवकर आणि अर्धी उन्हं उतरल्यावर करता आली तर फळालाही बरं आणि माणसांनाही.

बाबांबद्दल सांगायचं राहिलं. तौक्तेच्या वर्षी त्यांनी पूर्ण पैसे दिले याला तुम्ही अव्यवहार म्हणता. कर्ज तुमच्या अंगावर आलं, ते सोसलंत, त्याचं मोल आहे आणि बाबांनी कधी तसं म्हटलं नसेल तर ते त्यांचं चुकलं. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. वादळ मे महिन्यात झालं होतं. पाऊस सरल्यावर तोच माणूस पुन्हा तुमच्याच बागेत आला. नंतरही दरवर्षी येत राहिला. ज्या कोकणात काढणीला माणूस मिळत नाही म्हणून बागायतदार रडतात, तिथे तुम्हाला सहा हंगाम एकच तयार हात मिळाला, तो बाबांच्या त्या वर्षीच्या पैशांमुळे. पीक अर्धं गेलेलं, सोसायटीचा तगादा, आणि तरी त्यांनी स्वतःची चणचण दुसऱ्याच्या ताटापर्यंत जाऊ दिली नाही. तुम्ही ज्या शिस्तीचा ध्यास घेतला आहे ती तुमच्या घरातच पडवीवर बसलेली आहे, आणि ती पहाटे पाचला धावत नाही म्हणून तुम्ही तिला ओळखलं नाहीत.

एका संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसा. त्या रात्री मांगरात ते काय बोलले ते विचारा. कदाचित ते सांगणार नाहीत. कदाचित ते नुसते बसून राहिले असतील. तरी विचारा.

पुन्हा पत्र लिहिलंत तर त्यात त्याचं नाव लिहा. मी ते छापणार नाही.